पाळणाघर कुठे आहे यावरच भांडतोय, आत काय चाललंय ते कोण बघणार?

सोसायटीत पाळणाघर चालू द्यायचं की नाही हा वाद पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, कुठेही गेलात तरी ऐकायला मिळतो आणि सगळीकडे एकाच साच्यात चालतो. एका बाजूला कमिटी, की ही रहिवासी इमारत आहे, इथे धंदा चालणार नाही, लिफ्टवर लोड येतो, दुपारची झोप मिळत नाही, गेटमधून कोणीही येतं जातं. दुसऱ्या बाजूला नोकरी करणारे आईबाप आणि पाळणाघरवाल्या काकू, की अहो चार पोरं सांभाळतेय, त्यात कसला धंदा, उगाच कशाला पोटावर पाय देताय. मग कोणीतरी खारघरच्या पाळणाघरात बाळाला मारल्याचं प्रकरण काढतं आणि म्हणतं सरकारने कडक लायसन्स आणलं पाहिजे, तेवढ्यात दुसरा म्हणतो लायसन्स म्हणजे हप्ता चालू. मिटिंग तिथेच संपते. मला या सगळ्यांचंच थोडं थोडं पटतं, पण वाद ज्या पद्धतीने होतो ते अजिबात पटत नाही, कारण यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतवून टाकलेत. पाळणाघर कुठे असावं हा एक प्रश्न आणि तिथे बाळाला कसं सांभाळलं जातं हा दुसरा. माझं मत सरळ आहे. पहिल्या बाबतीत नियम जवळपास नकोतच, राहत्या घरातलं छोटं पाळणाघर म्हणजे घराचाच वापर असं धरून कुठल्याही इमारतीत ते हक्काने चालू द्यावं. दुसऱ्या बाबतीत मात्र नियम हवेत, कडक हवेत आणि ते तपासायला माणूस हवा. आपण आज नेमकं उलटं करतोय.

उलटं कसं ते बघा. जागेच्या बाबतीत काकूंच्या मागे किती जण लागतात? सोसायटीच्या उपविधीप्रमाणे गाळा राहण्यासाठी दिलाय, दुसऱ्या कामाला वापरायचा तर कमिटीची लेखी परवानगी लागते. कोणी तक्रार केली की महापालिकेचा माणूस बिगरनिवासी दराने प्रॉपर्टी टॅक्स लावायची भाषा करतो, वीजबिल कमर्शियल करायचा विषय निघतो, फायर एनओसी कुठंय असं विचारलं जातं. आणि बाळाच्या बाबतीत कोण येतं? कोणीच नाही. देशपातळीवर खासगी घरगुती पाळणाघरासाठी वेगळा असा कायदाच नाही. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, ते चांगलंच झालं, पण ती जबाबदारी कंपनीवर आहे. बाल हक्क आयोगाने खासगी प्लेस्कूलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी वगैरे, पण त्या ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी. म्हणजे जे मूल घरी येऊन "मावशीने मारलं" असं सांगू शकतं त्याच्यासाठी कागदावर का होईना काहीतरी आहे, आणि जे आठ महिन्यांचं आहे, ज्याला रडण्याशिवाय दुसरं काही येत नाही, त्याच्यासाठी काहीच नाही. नियमांची जिथे सर्वात जास्त गरज तिथेच मोकळं रान आहे.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. ते खोटं नाहीये आणि हसण्यावारी नेण्यासारखं तर अजिबात नाही. बाजूच्या फ्लॅटमध्ये ऐंशी वर्षांचे आजोबा झोपून आहेत आणि भिंतीपलीकडे दहा पोरं एकदम रडायला लागली तर त्यांना त्रास होणारच. सकाळी आठ ते नऊ गेटवर स्कूटर लागतात, लिफ्ट अडकते, वॉचमनला अनोळखी माणसं ओळखावी लागतात, आणि मेंटेनन्स मात्र सगळे सारखाच भरतात. यावर "बायकांच्या रोजगाराचा प्रश्न आहे" एवढंच उत्तर देऊन चालत नाही, त्या आजोबांचाही प्रश्न आहेच की. पण मग हे सगळे त्रास ठरतात कशावरून? मुलांच्या संख्येवरून. सहा मुलं असतील तर एका भरलेल्या एकत्र कुटुंबापेक्षा आवाज जास्त नाही. पंचवीस असतील तर ती शाळाच झाली आणि ती फ्लॅटमध्ये नकोच. म्हणजे आकड्याला मर्यादा घातली की यातली बरीचशी भांडणं मिटतात, बंदी घालायची वेळच येत नाही. आणि जास्तीच्या वापराचे पैसे सोसायटीला घ्यायचे असतील तर घेऊ देत, फक्त त्यालाही मर्यादा हवी. भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदांकडून सोसायट्या पूर्वी मनाला येईल तेवढे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावायच्या, २००१ साली सरकारने ठरवून दिलं की सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही. भांडणं लगेच थांबली नाहीत, पण मनमानीला चाप बसला. तसंच इथे करायला काय हरकत आहे?

"रहिवासी इमारतीत व्यवसाय नको" हे तत्त्व म्हणून ऐकायला छान वाटतं, पण ते आपण कधी पाळलंय? पहिल्या मजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना, दुसऱ्यावर सीए, तळमजल्यावर दहावीच्या क्लासच्या तीन बॅचेस, शिवाय ब्लाऊज शिवून देणाऱ्या ताई, डबे करून देणाऱ्या मावशी. वकिलाचं ऑफिस म्हणजे व्यापारी आस्थापना नव्हे असं सुप्रीम कोर्टाने १९८४ साली दुकाने-आस्थापना कायद्याच्या संदर्भात सांगितलं. तो निकाल झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जागेत काय चालवता येतं याचा, नव्हता, पण त्यामागची समजूत महत्त्वाची आहे, की पैसे घेऊन केलेलं प्रत्येक काम म्हणजे दुकान नाही. वकिलाला जो मान आपण सहज देतो तो दुसऱ्याचं बाळ सांभाळणाऱ्या बाईला द्यायला आपल्याला का जड जातं? तिचं काम तर घराच्या सगळ्यात जवळचं आहे, घरात जे होतं तेच, मूल खातं, झोपतं, खेळतं, रडतं. गिरणगावात हजारो कामगार खाणावळींवर जगले, त्या खाणावळी म्हणजे चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बायकांनी पेटवलेल्या चुली होत्या. त्या बायकांना बँक कर्जसुद्धा देत नव्हती, प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे त्यांच्या कामाला कोणी काम म्हणायला लागलं. मुंबईचा कापडधंदा त्या चुलींवर उभा होता, तशीच आज आयटी पार्कातली आणि बँकेतली नोकरी पाळणाघराच्या सतरंजीवर उभी आहे.

बाहेरच्या देशांमध्येही हे वाद झालेत आणि ते आपल्यापेक्षा काही शहाण्यासारखे सुरू झाले नव्हते. जर्मनीत लोक पाळणाघरांच्या आवाजावरून कोर्टात जायचे, शेवटी २०११ मध्ये त्यांनी कायद्यातच घातलं की पाळणाघर आणि खेळाच्या मैदानावरून येणारा मुलांचा आवाज हे साधारणपणे हानिकारक प्रदूषण धरायचं नाही. टोकियोने २०१५ मध्ये आवाजाच्या मर्यादेतून लहान मुलांच्या आवाजाला सूट दिली. कॅलिफोर्नियात २०२० पासून राहत्या घरातलं पाळणाघर, अगदी १४ मुलांपर्यंतचं, हा घराचाच वापर मानतात, शहराला त्यासाठी वेगळी झोनिंगची परवानगी मागता येत नाही. पण तिथे राज्याचं लायसन्स आणि तपासणी कायम आहे, किती मुलांमागे किती मोठी माणसं हवीत ते ठरलेलं आहे. हीच ती विभागणी. जागेचा दरवाजा उघडा आणि देखभालीवर लक्ष.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप, आगीचा. यावर मी हलकं बोलणार नाही. १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग लागली, छप्पर शाकारलेलं होतं, ९४ मुलं गेली. ज्याने त्या बातम्या तेव्हा वाचल्यात तो मुलांच्या जागेबद्दल "चालतंय की" असं कधीच म्हणणार नाही. पण ते प्रकरण नीट बघा, त्या शाळेला कागदोपत्री मान्यता होती, अधिकारी होते, फक्त प्रत्यक्ष जाऊन त्या छपराकडे बघून कोणी ती बंद पाडली नाही. आणि पाळणाघर कमर्शियल बिल्डिंगमध्ये हलवलं की सुरक्षित होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी सुरत आठवावं. मे २०१९, कोचिंग क्लास, व्यापारी संकुलाचा वरचा मजला, २२ विद्यार्थी गेले, त्यातल्या काहींनी जीव वाचवायला खिडकीतून उड्या टाकल्या होत्या. तळमजल्यावरच्या साध्या वनबीएचकेमधून सहा बाळांना बाहेर काढणं सोपं की चौथ्या मजल्यावरच्या काचेच्या शोरूमसारख्या जागेतून? आगीचा मुद्दा खरा आहे म्हणूनच नियम असा हवा की घरगुती पाळणाघर तळमजल्यावर किंवा फार तर पहिल्यावर, बाहेर पडायची वाट मोकळी, ग्रिल आतून उघडणारं, सिलेंडर मुलांच्या खोलीपासून लांब. हे सगळं घरात होऊ शकतं. "कमर्शियल झोनमध्ये जा" या अटीतून यातलं काहीच होत नाही.

डोंबिवलीत माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत, वर्षानुवर्षं पोरं सांभाळतात, त्यांनी सांभाळलेल्या काही मुली आता स्वतःची पोरं त्यांच्याकडेच सोडतात. त्यांच्या हॉलमध्ये टीव्ही सोडला तर फर्निचर नाही, किचनच्या दाराला गुडघ्याच्या वर येईल एवढी लाकडी फळी आडवी बसवलीय, आणि बाथरूममध्ये गेलात तर बादली कायम पालथी. मी विचारलं होतं, तर म्हणाल्या, "अगं, रांगतं पोर वीतभर पाण्यात तोंडावर पडलं तर उठता येत नाही त्याला, आवाजही येत नाही." बाराला मऊ वरणभात, एकेकाला मांडीवर घेऊन, मग पडदे लावून सगळे गोधडीवर. भिंतीवर एक वही टांगलेली असते, कोणाला कोण न्यायला येणार, आजोबा की मामा, आणि त्या नावाशिवाय दुसरं कोणी आलं तर आईला फोन लावल्याशिवाय मूल हातात मिळत नाही. सोसायटीने त्यांना एकदा नोटीस दिली, "रहिवासी गाळ्याचा व्यावसायिक वापर त्वरित बंद करावा". त्या नोटिशीत बादलीचा, फळीचा, वहीचा प्रश्नच नव्हता. आणि समजा शेजारच्या बिल्डिंगमध्ये एखादी बाई बादली भरून ठेवत असेल, वही ठेवत नसेल, एकटीने पंधरा पोरं बघत असेल, पण कमिटीशी तिचं पटत असेल, तर तिला नोटीस येणारच नाही. असल्या व्यवस्थेला सुरक्षितता कशी म्हणायची?

यात पैशाचं गणितही आहे आणि ते फार कमी लोक मांडतात. पाळणाघराचा मुख्य खर्च म्हणजे माणसं. इथे मशीन आणून काम वाढवता येत नाही, एका बाईच्या दोनच मांड्या असतात. मग जागेच्या नावाखाली कमर्शियल भाडं, कमर्शियल वीज, जास्तीचा टॅक्स लावला की तो पैसा येणार कुठून? एक तर फी वाढते आणि पोळीभाजी केंद्रात काम करणाऱ्या बाईला ती परवडत नाही, नाहीतर मदतनीस कमी होते, आणि तिसरं म्हणजे तेवढ्याच हातांत मुलं वाढतात. तिन्हीचा फटका बाळालाच. मोठ्या फ्रँचायझीवाल्यांना बंगल्याचं भाडं झेपतं पण त्यांच्यापैकी बरेच जण दोन-अडीच वर्षांखालचं मूल घेतच नाहीत, कारण तान्ह्याला एक माणूस जवळजवळ पूर्ण लागतो, इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस हा नियम आहे यावरून कल्पना येईल. म्हणजे जागेचे नियम कडक केले की आधी बंद पडतं ते तान्ह्यांचं पाळणाघर. रजा संपलेली आई २६ आठवड्यांच्या बाळाला घेऊन नक्की कुठे जाणार?

ती कुठे जाते हे आपल्या शहराच्या इतिहासात लिहून ठेवलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांमध्ये जाणाऱ्या कितीतरी बायका तान्ह्याला बाळागोळी देऊन जायच्या, त्यात अफू असायची, मूल दिवसभर गुंगीत पडून राहायचं. त्या आया दुष्ट नव्हत्या, त्यांना दुसरा रस्ताच नव्हता. पाळणाघर बंद केलं म्हणून आईचं काम बंद होत नाही, मूल फक्त नजरेआड जातं. आजही घरकाम करणाऱ्या बाईचं पोर चाळीतल्या एखाद्या म्हातारीकडे रोजावर असतं किंवा सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, आणि ती बहीण त्या दिवशी शाळेत नसते. अंगणवाडी आहे पण ती काही तासांची, तिची वेळ कामाच्या वेळेशी जुळत नाही. फॅक्टरी कायद्यात १९४८ पासून पाळणाघराची तरतूद होती, १९७६ मध्ये ५० ऐवजी ३० बायका असल्या तरी बंधनकारक केलं, पण मोजणी बायकांची ठेवल्यामुळे मालकाला सोपी पळवाट मिळाली, ३० च्या आत बायका ठेवायच्या. हेतू चांगला आणि ओझं चुकीच्या ठिकाणी, की नुकसान ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांचंच होतं.

आता माझ्याच बाजूच्या लोकांना थोडं बोलायचंय, जे म्हणतात पाळणाघर विश्वासावर चालतं, त्यात सरकारचं काय काम. विश्वास मलाही मान्य आहे, वर सांगितलेल्या काकूंवर माझा डोळे झाकून आहे. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात १० महिन्यांच्या बाळाला आयाने मारल्याचं सीसीटीव्हीत दिसलं, त्या आईबापांनीही विश्वासच ठेवला होता ना? आणि कॅमेरा असूनही ते आधी थांबलं नाही, अंगावरच्या खुणा दिसल्यावर मग फुटेज काढलं गेलं. कॅमेरा लावला म्हणजे झालं असं समजणाऱ्यांनी यातून शिकायला हवं, कॅमेऱ्याकडे बघणारं कोणीतरी लागतं. जे मूल बोलू शकत नाही त्याच्या वतीने बोलायला आईबापांशिवाय आणखी कोणीतरी त्रयस्थ असलंच पाहिजे, कारण आईबाप नऊ तास बाहेर असतात आणि पाळणाघर बदलायची त्यांना मनातून भीती असते, दुसरं मिळेल का, परवडेल का. अडलेला माणूस प्रश्न कमी विचारतो.

मग करायचं काय? खाण्यापिण्याच्या धंद्यात आपण हे आधीच करून बसलोय. अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा घरून लाडू-चकल्या विकणाऱ्या बाईला आणि फॅक्टरीला एकाच मापाने मोजलं नाही, वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी, १०० रुपये फी, त्याच्या वर गेलात तर लायसन्स, असं ठरवलं. पाळणाघराला तसंच करा. राहत्या घरात सहा ते आठ मुलांपर्यंत, स्वतःची धरून, फक्त नोंदणी, वॉर्ड ऑफिसात एक पानी फॉर्म, टॅक्स आणि वीज घरगुती दराने, सोसायटीला कळवायचं पण सोसायटीला नकाराचा अधिकार नाही. वेळ, गेट, लिफ्ट याबद्दल सोसायटीने रास्त अटी घालाव्यात. त्यापुढे संख्या गेली की लायसन्स, जागेच्या अटी, फायरची तपासणी सगळं आलं. आणि दोघांनाही सारखं लागू असं थोडंच पण पक्कं, दोन वर्षांखालची किती मुलं एका माणसाकडे याचा आकडा, मदतनीसांची पोलीस पडताळणी, प्रथमोपचाराचं ट्रेनिंग, आईबापाला कधीही न सांगता आत यायची मुभा. मला विचाराल तर शेवटची अट सगळ्यात मोलाची, ज्या पाळणाघरात दुपारी दोनला आईला दारातच थांबवतात तिथे मूल ठेवूच नये.

हप्त्याची भीती खरी आहे. पण हप्ता नेमका कुठे खाल्ला जातो? जिथे नियम इतके अवघड असतात की कोणालाच ते पाळता येत नाहीत आणि प्रत्येक जण कुठल्या तरी कलमात अडकलेलाच असतो. आज घरगुती पाळणाघराची स्थिती हीच आहे, कोणीही तक्रार केली की काकू बेकायदा ठरू शकतात, म्हणून त्या वॉचमनपासून सगळ्यांना सांभाळून असतात. पाळता येतील असे पाच-सहा नियम ठेवले, नोंदणी झालेल्यांची यादी आणि शेवटची तपासणी कधी झाली ते वॉर्डच्या साईटवर टाकलं, तर इन्स्पेक्टरकडे विकायला फार काही उरत नाही. तपासणीला महापालिकेचा बिल्डिंग खात्याचा माणूस पाठवूच नका, त्याला भिंती मोजता येतात, बाळ मोजता येत नाही. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका आहेत, त्यांना मुलं कळतात, वजन घ्यायचं कळतं, कुठलं मूल गप्प झालंय ते कळतं. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून पदं वाढवावी लागतील, पगार द्यावा लागेल, आणि तो पैसा महापालिकांनी आणि राज्याने काढायला हवा. पाळणाघरामुळे जी बाई कामावर जाते ती टॅक्स भरते, तिचा पीएफ कापला जातो, तिच्या पगारावर शहरातली दुकानं चालतात, त्यातून एका वॉर्डाला दोन मुख्यसेविका परवडत नाहीत असं कुठल्या आयुक्तांना म्हणायचं असेल तर त्यांनी तो हिशेब बजेटमध्ये मांडून दाखवावा. तोवर निदान एवढं तरी करा, की सहकार खात्याने एक परिपत्रक काढून सोसायट्यांना कळवावं, राहत्या घरातलं छोटं पाळणाघर हा व्यावसायिक वापर नाही. या एका पानाला ना बजेट लागतं ना नवीन कायदा.